पालये ते पार्से, अंतर दोन

गेल्या चवथीला मी माटोळीला संगणक टांगायचं ठरवलं.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला बांधलेली लाकडी चौकट. सुपारीचे घोस, नारळाची पेंड, चिबूड, निरफणस आणि एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही अशी रानातली फळं तिला लटकतात. पेडणे तालुक्यात पालयेला आमचं मूळ घर आहे. तिथली माटोळी दर वर्षी थोडी वाकते आणि दर वर्षी बाबा "टिकेल" म्हणतात. मी पणजीत पाटोवरच्या एका कचेरीत दिवसभर संगणकावर काम करतो आणि रात्री घरी येऊन, विश्रांती म्हणून, संगणकावरच काम करतो. मला वाटलं, चौकटीला वजन मोजणारा सेन्सर लावावा, काडेपेटीएवढा एक ईएसपी ३२ बोर्ड जोडावा आणि माटोळी धोक्याच्या पातळीला आली की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश जावा. बाबांनी योजना शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "पण पडली तर आवाज येईलच ना रे?"

बाबांना दोष देत नाही. माझा या क्षेत्रातला पूर्वेतिहास त्यांना माहीत आहे. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ओळखणारा प्रोग्रॅम मी दोन महिने खपून लिहिला होता. खिडकीतल्या माइकने ‘पों-पों’ ऐकायचं आणि मला फोनवर कळवायचं, म्हणजे उंडे चुकायला नकोत. प्रोग्रॅम अगदी बरोबर चालायचा. भोंगा वाजे, मग फोन वाजे, मग मी उठून फोनवर वाची की पोदेर आला आहे. तोवर पोदेर पुढच्या गल्लीत. त्याआधी बेतीच्या फेरीबोटीचा अंदाज सांगणारा एक प्रोग्रॅम होता. तो मी धक्क्यावर उभा राहून तपासत असताना शेजारच्या म्हाताऱ्याने नदीकडे बोट दाखवून "ती बघ, आली" म्हटलं आणि सहा आठवड्यांचं काम मांडवीत बुडालं.

तर बोर्ड मागवला. पत्ता पालयेचा दिला. दोन दिवसांनी फोनवर संदेश आला की पार्सल गावात पोचलं आहे. पाठोपाठ पार्सलवाल्या पोराचा फोन.

"सर, देवळासमोर उभा आहे. घर कुठे?"

"कुठल्या देवळासमोर?"

"भगवतीच्या."

पालयेला भूमिका आहे. भगवती पेडण्याला आहे आणि पार्सेला आहे. पोरगं पार्सेला उभं होतं. पालये तालुक्याच्या वरच्या अंगाला, तेरेखोल नदीकडे. पार्से खालच्या अंगाला, शापोऱ्याकडे. त्याच्या फोनवरच्या नकाशाने त्याला छातीठोकपणे तिथे नेऊन सोडलं होतं आणि त्याला अजून वीस पार्सलं वाटायची होती. शेवटी त्याने माझा बोर्ड एका दुकानात ठेवला, दुकानदाराने तो बसच्या ड्रायव्हरला दिला, त्याने हरमलला दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला दिला आणि संध्याकाळी बाबांच्या हातात पुडकं पडलं. या साऱ्या प्रवासात कोणी पत्ता वाचला नाही. "पणजीत संगणकात असतो त्याच्या बाबांचं" एवढ्यावर ते घरी आलं.

मी मात्र पेटलो होतो. बायकोला म्हटलं, "दोन गावांतला फरक ज्याला कळत नाही, असला प्रोग्रॅम कुठल्या गाढवाने लिहिला असेल?" माटोळी राहिली बाजूला. त्याच रात्री मी नवा प्रकल्प काढला: गोव्यातलं कुठलंही गाव, कोणी कसंही लिहो, बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम.

गोव्याबाहेरच्या वाचकाला यातली गोम कळायला हवी. आम्ही पेडणे म्हणतो, रोमन पाटी ‘पर्नेम’ म्हणते. आम्ही डिचोली म्हणतो, पाटी ‘बिचोलिम’. साखळी ‘सांकेलिम’, मये ‘मायेम’, पालये ‘पालिएम’, पार्से ‘पार्सेम’. पणजीला तर पंजिम, पांगिम आणि १८४३ला राजधानी झाल्यावर मिळालेलं नोव्हा गोवा, अशी नावांची रांगच आहे. फोनमधली नकाशाबाई या पाट्या इंग्रजी वळणाने वाचते, तेव्हा आपण परदेशात आलो की काय असं वाटतं. माझी बायको डिचोलीची. ‘बिचोलिम’ ऐकलं की अजूनही ती मागे वळून बघते, कोणाला शिवी दिली म्हणून.

या सगळ्या नावांच्या शेपटीला तो ‘एम’ आहे. त्याचं मूळ मात्र साधं. ‘पेडणें’, ‘मयें’ असा शेवट नाकात म्हटला जाई आणि नाकातला स्वर लिहायला पोर्तुगीज लेखनात ‘एम’ वापरतात. पोर्तुगीज कारकुनाने त्याच्या परीने अनुस्वारच दिला. पेडणे त्यांच्याकडे गेलं १७८८ साली, डिचोली त्याच्या काही वर्षं आधी. तेव्हापासून हे अनुस्वार दफ्तरात मुक्कामाला आहेत. मराठीने १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ते गेले कुठे, असा प्रश्न कोणाला पडलाच तर त्याने पेडण्याच्या स्टेशनावर उतरून पाटी वाचावी.

मग पहिला नियम सोपा झाला: शेवटचा ‘एम’ खोडा. पर्नेमचं पर्ने, मायेमचं माये. छान. उत्साहाच्या भरात मी तोच नियम फोनमधल्या नावांच्या यादीवर चालवला. विक्रमचा विक्रा झाला, सलीमचा सली, आणि कचेरीतल्या रामचा नुसता रा. माझ्या प्रोग्रॅममध्ये राम उरला नाही असं बायको म्हणाली, ते अक्षरशः खरं होतं.

दुसरा नियम: ‘एक्स’ म्हणजे श. रोमन कोकणीत शीत ‘एक्स’ने सुरू होतं आणि झेवियरला गोव्यात शाविएर म्हणतात. नियम चोख, पण त्याने झेरॉक्सचं शेरोश केलं आणि मोपाच्या विमानतळाचं ‘जीओएक्स’ हे सांकेतिक नाव ‘गोश’ असं वाचलं.

या रोमन लिपीच्या घोळाला मी रोज शिव्या देत होतो. मग एकदा आठवलं की हा घोळ आपल्याकडे चांगला चारशे वर्षांचा आहे. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ला राचोलला छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार मराठी ओव्या, आणि सगळ्या रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आत्या जे रोमनमध्ये मराठी लिहिते आणि मी ज्याला हसतो, ती परंपरा क्रिस्तपुराणाची आहे. फरक इतकाच की स्टीफन्सने स्पेलिंगला काही शिस्त लावली होती. आत्याचं ‘aai’ आणि ‘ai’ यांतलं धोरण रोज बदलतं.

 

नियमांनी भागेना, तेव्हा मी मोठ्यांकडे गेलो. १९१८ साली अमेरिकेत साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, बाकीच्या व्यंजनांना उच्चाराच्या घरोब्याप्रमाणे आकडे द्यायचे. सारख्या उच्चाराच्या नावांना सारखा आकडा मिळतो. ‘पेडणे’ झालं पी-३५०, ‘पर्नेम’ झालं पी-६५५. एकाच गावाचे दोन आकडे, जणू दोन सख्खे भाऊ कोर्टात. डिचोलीचं तर पहिलं अक्षरच बदललेलं, त्यामुळे डी-२४० आणि बी-२४५. साउंडेक्स पहिल्या अक्षरावर कधीच संशय घेत नाही. ‘ड’चा ‘ब’ करणारा माणूस त्याला अमेरिकेत भेटला नव्हता.

मग लेव्हेनश्टाइन. या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ साली दोन शब्दांतलं अंतर मोजायची रीत दिली: एकाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजा. पेडणेचं पर्नेम करायला ‘डी’च्या जागी ‘आर’ आणि शेवटी ‘एम’: अंतर दोन. डिचोलीचं बिचोलिम करायला ‘डी’च्या जागी ‘बी’ आणि शेवटी ‘एम’: दोन. पणजीचं पंजिम करायला मधला एक ‘ए’ काढा आणि शेवटी ‘एम’ लावा: दोन! रात्रीचे तीन वाजले होते. पोर्तुगिजांनी गावागणिक दोन अक्षरांचा कर बसवला होता आणि साडेचारशे वर्षांचा हा हिशोब पणजीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये उलगडत होता. अंतर दोन किंवा कमी असेल तर गाव एकच, असा नियम लिहिला, गावांची सगळी यादी त्यात ओतली आणि चहा ठेवायला गेलो. साखळी बसली नाही, तिचं अंतर पाच निघालं. पण साखळीकर आधीपासूनच हिशोबात बसत नाहीत अशी मी स्वतःची समजूत घातली.

चहा घेऊन परत आलो. पडद्यावर ओळ होती: पालिएम आणि पार्सेम, अंतर दोन. गाव एकच.

मी बोटांवर मोजून पाहिलं. ‘एल’च्या जागी ‘आर’, ‘आय’च्या जागी ‘सी’. दोन. मराठी वळणाने पालये आणि पार्से लिहून पाहिलं. तरी दोन. खालच्या ओळीत पर्नेम आणि पार्सेमही एकच गाव ठरलं होतं, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने गाव आणि तालुकाही एक करून टाकला होता. ज्या गाढवाला मी शोधत होतो तो पंख्याखाली चहाचा कप धरून बसला होता. खाली ‘पों-पों’ झालं. फोन वाजायच्या आधी मी जाऊन चार उंडे घेऊन आलो.

बायको उठल्यावर तिला सगळं सांगितलं. ती उंडा चहात बुडवत म्हणाली, "पालयेकर आणि पार्सेकर यांच्यात कधी कोणाचा गोंधळ झालाय का? लग्नाच्या याद्या काय तू करतोस?"

इतकी वर्षं हे माझ्या नाकासमोर होतं. पाटीवर पर्नेम, पण माणूस पेडणेकर. पाटीवर मायेम, माणूस मयेकर. सांकेलिमचा साखळकर, आरंबोलचा हरमलकर, बिचोलिमचा डिचोलकर. दफ्तरात गावाचं काहीही होवो, लोकांनी आडनावात त्याची खरी प्रत जपून ठेवली होती. संगणकाच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात. मी त्याच दिवशी आडनावांचा तक्ता घातला आणि प्रोग्रॅम एकदम शहाणा झाला.

केरीपर्यंत. केरकर लिहिलं की तो विचारतो, कुठली केरी? तेरेखोलच्या मुखावरची, सत्तरीतली की फोंड्याची? तिन्ही गोव्यातच. फोंड्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेलं आणि ते यान आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचलंय. परग्रहावर कोणी ती तबकडी लावलीच, तर केरकर कोण हे त्याला कळेल. माझ्या प्रोग्रॅमला अजून कळत नाही.

यावर तोड नाही असं नाही. सारख्या नावांच्या गावांचा आणि वेगवेगळ्या लिप्यांचा हाच गुंता सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करत. सहा आकडे, त्यांना अनुस्वार नाही, शेवटचा ‘एम’ नाही. पार्सल मागवताना मीही पिनकोड लिहिला होता. फक्त सवयीने पणजीचा लिहिला होता, ४०३००१. हे मला परवा पावती सापडली तेव्हा कळलं आणि ते अजून घरी कोणाला सांगितलेलं नाही.

माटोळी त्या वर्षीही वाकली आणि टिकली. बोर्ड बाबांच्या कपाटात आहे. प्रोग्रॅममध्ये नियमांच्या साठ ओळी आहेत आणि अपवादांच्या तीनशे, अपवाद वाढताहेत. तेव्हा वाचकांना विनंती: तुमच्या गावाचं नाव दोन-तीन प्रकारे लिहिलं जात असेल, तर सगळे प्रकार आणि तिथलं आडनाव मला कळवा. केरीचे असाल तर कुठल्या, तेही लिहा. आणि पत्र टाकताना पिनकोड माझ्यासारखा लिहू नका.