दुपट्यातला अडकित्ता

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. आणि हळू बोला, समोरच्या पणजींचे कान अजून तिखट आहेत.

समोरच्या वहिनी लेकीला नि चार महिन्यांच्या नातवाला बंगळूरला पोचवायला गेल्या होत्या ना, त्या परवा आल्या. तेव्हापासून गप्पच! वहिनी आणि गप्प? मला कसं राहवणार? विरजण मागायचं निमित्त काढून गेलेच मी.

आधी कुरकूर तिकिटाची. दोन वर्षांपर्यंत बाळाला सीट नाही, आईच्या मांडीवर, तिच्याच पट्ट्याला अडकवलेला छोटा पट्टा. तरी पैसे घेतात! "मांडी माझ्या लेकीची नि भाडं यांना," म्हणतात कशा. मी म्हटलं, त्या जेट एअरवेजच्या विमानातल्या बाळाचं आठवतंय ना? जून २०१७, दम्मामहून कोचीला जाताना वरच जन्मलं, विमान मुंबईला उतरवलं. कंपनीनं जन्मभर फुकट प्रवास दिला हो त्याला! नि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचीच विमानं जमिनीवर. स्वतःची सीट लागायच्या आतच पास बुडाला बिचाऱ्याचा...

तर काय सांगत होते? हां, वहिनी गप्प का ते. कारण एक अडकित्ता!

वाशिंदहून सहार विमानतळाला टॅक्सीत तीन तास, त्यात माजिवड्याला जो काय ट्रॅफिक! नि पुढे बंगळूर पावणेदोन तासांत. बाळ बापडं टॅक्सीभर झोपलेलं. सिक्युरिटीला बॅग मशीनमधून गेली नि तिथली बाई पडद्याकडे बघतच राहिली. बॅग उघडली, दुपटं उलगडलं, नि आतून काय निघावं? पणजींचा अडकित्ता! लोखंड उशाशी असलं की बाळ दचकत नाही ना, म्हणून म्हातारीनं निघताना गुपचूप गुंडाळून दिलेला. मुरबाडच्या माहेरचा, साठ वर्षांचा.

ती बाई म्हणते, "बाळ सुपारी खातं का?" मागची अख्खी लाईन हसली. लेक नुसतं "आई!" म्हणाली. वहिनींचा चेहरा... अहो, उतरलेल्या पोळीसारखा. धारदार वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही, राहिला तो तिथेच.

विमान चढताना बाळ शांत. उतरायला लागलं नि जो टाहो फोडला! वहिनींच्या मनात एकच, अडकित्ता नाही ना उशाशी, म्हणून! पुढच्या सीटवरचा एकजण दोनदा वळून बघून गेला. शेवटी हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "मॅडम, फीड हिम." खाली येताना हवेचा दाब वाढतो ना, पोरांच्या कानातली नळी बारीक, दडे बसतात. गिळलं की मोकळे होतात. लेकीनं पदराखाली घेतलं मात्र, गप्प! आता हे पणजींना विचारलं असतं तर त्यांनी न उडताच सांगितलं असतं, हो की नाही?

पण खरी गंमत पुढेच. पणजी रोज व्हिडिओ कॉलवर नातीला विचारतात, "उशाखाली आहे ना गं?" पोरगी म्हणते, "आहे, आजी." नि वहिनी काल शहापूरच्या बाजारात अडकित्ते बघत होत्या म्हणे. नवा कोरा! म्हातारी एका नजरेत...

अगंबाई, पणजी आल्याच की. हं, तर मी काय म्हणत होते, यंदा कैऱ्या फारच महाग, नाही का?