चित्रासमोर उभं राहू द्या

परभणीहून मुंबईला चित्रं बघायला जायचं म्हणजे रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरायची, अर्धवट झोपेत मुंबई गाठायची आणि दालन उघडेपर्यंत फूटपाथवर वेळ काढायचा. एवढं करून आलेल्या माणसाला अमूर्त चित्रासमोर थोडा वेळ निवांत उभं राहू द्यावं, ही माझी मागणी आहे. ती कुठल्याच प्रदर्शनात पुरी होत नाही.

वासुदेव गायतोंड्यांचं चित्र घ्या. 1924 साली नागपुरात जन्मलेले, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेले गायतोंडे रोलरनं आणि सुरीनं कॅनव्हासवर रंगाचे थर चढवायचे, काही खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. त्यांचं पिवळं चित्र पहिल्यांदा नुसतं पिवळं दिसतं. बऱ्याच वेळानं खालचा करडा वर येतो, कुठंतरी तांबूस डाग सापडतो, आणि मघापासून सपाट वाटणारी जागा खोल होत जाते. ही खोली घाईत दिसत नाही.

नेमकं तेव्हाच कुणीतरी चित्राकडं पाठ करून फोन उंचावतं. सेल्फीत चित्राचा एक कोपरा आला की मंडळी पुढच्या चित्राकडं. मी बाजूला सरकतो, परत येतो, तोवर तो तांबूस डाग हरवलेला असतो.

त्याहून मला टोचतं ते किमतीचं बोलणं. 2013 साली मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं, 2021 मध्ये दुसरं जवळपास 40 कोटींना. तेव्हापासून त्यांच्या चित्रासमोर लोक रंगावर कमी आणि आकड्यावर जास्त बोलतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं 2014-15 मध्ये या माणसाचं सिंहावलोकन भरवलं, ते त्याच्या कामासाठी. ते काम समोर भिंतीवर असताना शेजारचे दोघं जमिनीच्या भावाशी त्याची तुलना करत राहतात, आणि एकदा कानावर पडलेला आकडा मलाही चित्रातून बाजूला काढता येत नाही.

मुंबईच्या दालनांत पाट्या फक्त इंग्रजीत, बारीक अक्षरांत. बसायला बाक नाही. काचेवर दिव्यांचे गोळे. गिरगावात वाढलेल्या चित्रकाराचं नाव मराठीत वाचायला मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्या जिल्ह्यात अडचण निराळी. इथं चित्रं सभागृहात लागतात, तीही मांडवाच्या कापडावर, ट्यूबलाइटखाली. त्या उजेडात निळा हिरवट दिसतो आणि काळा राखेसारखा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना स्थिरचित्र आणि संकल्पचित्र घोटलेली पोरं बुजत बुजत अमूर्तासमोर येतात, आणि मागं उभा असलेला कुणी थोर माणूस त्यांना लगेच सांगतो, ‘हा सूर्य, ही नदी.’ पोरगं मान डोलावतं. झालं, आता त्याला आयुष्यभर तिथं नदीच दिसणार. त्याला विचारा तरी, बाळा, तुला काय दिसतंय?

पहिला दिवस दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि भाषणांत जातो. पाहुण्यांच्या खुर्च्या चित्रांना टेकवून मांडलेल्या असतात, त्यामुळं खालचा हातभर कॅनव्हास कुणालाच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच चित्रं उतरवायला सुरुवात होते, कारण संध्याकाळी तिथं साखरपुडा असतो. रजा काढून पाथरीहून, गंगाखेडहून आलेला चित्रकला शिक्षक दारातून परत जातो.

परभणीला एक खोली हवी. पांढऱ्या भिंती, उत्तरेचा उजेड, एक लाकडी बाक, मराठी पाट्या. महिनाभर एकच चित्र लावलं तरी चालेल, आणि किल्ली कुणाकडं मिळते ते दारावर लिहिलेलं असावं.