अंदाजे किती धरू?

जून महिन्यात महाराष्ट्रात भविष्य सांगण्याची जबाबदारी दोघांवर असते. एक हवामान खातं आणि दुसरा मी. हवामान खात्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, शास्त्रज्ञ आहेत. तरी मान्सूनचा अंदाज देताना ते हळूच पुढे 'अधिक-उणे ४ टक्के' असं जोडून देतात. माझ्याकडे एक टेबल, रंगांच्या बाटल्या, एक डिजिटल पेन आणि येणं बाकी असलेल्या रकमांची एक वही आहे. एवढ्या सामग्रीवर मला १५ जूनपर्यंत ठरवायचं असतं, की येत्या ३१ मार्चपर्यंत आपण किती रुपये कमावणार. नुसतं ठरवून भागत नाही. त्यावर जो कर बसेल त्याचे १५ टक्के त्याच दिवशी भरायचेही असतात. हवामान खात्याला निदान पाऊस पाडून दाखवावा लागत नाही.

मी चित्रकार. पुस्तकांची मुखपृष्ठं, लहान मुलांच्या गोष्टींची चित्रं, दिवाळी अंकांतल्या कथांची रेखाटनं, मधूनच एखाद्या पतपेढीचं कॅलेंडर, ही माझी कामं. कायद्याच्या भाषेत हा 'व्यवसाय' आहे. सासरच्या भाषेत 'ते घरीच असतात'.

बायको शाळेत शिक्षिका. तिचा कर दर महिन्याला पगारातून आपोआप जातो आणि तो गेल्याचं दुःख तिला होत नाही, कारण तो पैसा तिच्या हातात कधी आलेलाच नसतो. माझा पैसा आधी माझ्याकडे येतो, दोन दिवस राहतो, मला त्याचा लळा लागतो आणि मग तो सरकारला द्यायचा असतो. त्यातून १५ जून हीच तारीख नोकरदारांना फॉर्म १६ मिळण्याचीही शेवटची तारीख. म्हणजे एकाच दिवशी बायकोच्या हातात गेल्या वर्षाचा पक्का हिशेब येतो आणि माझ्या हातात चालू वर्षाचा कच्चा अंदाज.

आगाऊ कराचा नियम तसा सोपा आहे. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघणार असेल, तर तो चार हप्त्यांत भरायचा. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चला शंभर. टक्केवारी सरकारने दिली आहे. ती कशाची काढायची, तो आकडा मात्र मी द्यायचा.

त्यासाठी आमच्या सीए मॅडमचा फोन येतो. त्यांच्या ऑफिसात आर्टिकलशिपची चार पोरं फायलींच्या मागे बसलेली असतात, त्यामुळे फोनवर बोलताना पाठीमागे सतत कागद फाटल्याचा आवाज येतो. मॅडम कामाच्या बाई आहेत, पाल्हाळ नाही.

"अंदाजे किती धरू?"

"मॅडम, पुढच्या आठवड्यात काय काम आहे, तेच मला माहीत नाही."

"मग गेल्या वर्षीइतकं धरू?"

"गेल्या वर्षी त्या जर्मन प्रकाशकाची चित्रं होती."

"यंदा नाहीत?"

"कळवतो म्हणालेत."

"म्हणजे धरू की नको?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. खर्च वजा जाता माझं उत्पन्न १२ लाख निघालं, तर मला काहीच भरायचं नाही. तेच १३ लाख निघालं, तर सेससकट ७८,००० रुपये. मधला एक लाख म्हणजे जर्मनीतल्या एका बाईंच्या मनात असलेलं अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक. ते अस्वल माझ्याकडे आलं तर मी करदाता, नाही आलं तर नाही. आणि हे जूनमध्ये ठरवायचं. त्या बाई जूनमध्ये सुट्टीवर असतात.

बरं, अंदाज चुकला म्हणून कोणी तुरुंगात टाकत नाही. हप्ता कमी पडला तर कमी पडलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज, पहिल्या तीन हप्त्यांना तीन-तीन महिन्यांचं, शेवटच्याला एका महिन्याचं. जूनमध्ये १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ४५ ऐवजी ३६ टक्के भरले असतील, तर व्याजही नाही; एवढं अधिक-उणे आम्हालाही दिलेलं आहे. दहा हजार कमी पडले तर तीनशे रुपये व्याज. एवढ्यासाठी मी आठवडाभर मुखपृष्ठं सोडून बेरजा करत बसतो, हे बायकोला पटत नाही. "अहो, त्या वेळात एक चित्र झालं असतं," ती म्हणते. झालं असतं, पण त्याचे पैसे कधी आले असते, हे पुन्हा अंदाजातच धरावं लागलं असतं.

माझा एक फोटोग्राफर मित्र या बाबतीत स्थितप्रज्ञ आहे. तो जून, सप्टेंबर आणि डिसेंबर ओळखतच नाही. सगळं मार्चमध्ये भरतो, वर व्याज भरतो आणि शांत झोपतो. "क्रेडिट कार्डापेक्षा स्वस्त पडतं रे," असं त्याचं अर्थशास्त्र आहे. हिशेबाने त्याचं बरोबर आहे, पण मला ते जमत नाही. लग्नाच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी पाकीट खिशात ठेवून जाणाऱ्यांतला मी.

कायदा या अंदाजांच्या बाबतीत अगदीच निर्दय आहे असंही नाही. शेअर विकून अचानक नफा झाला, लाभांश आला किंवा लॉटरी लागली आणि त्यामुळे आधीचे हप्ते कमी पडले, तर उरलेल्या हप्त्यांत तो कर भरला की व्याज माफ. लॉटरी लागणार हे आधी कोणाला कळत नाही, हे कायद्याला मान्य आहे. मुखपृष्ठाचं काम लागणार हे मात्र मला एप्रिलपासून ठाऊक असायला हवं. ज्याने कोणी ही तरतूद लिहिली, त्याचा मराठी प्रकाशकांशी कधी संबंध आलेला नसावा.

कायद्यात एक पळवाट आहे, पण तिच्या दारावर नावांची यादी लावलेली आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए, अंतर्गत सजावटकार अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर ७५ लाख), तर त्यांना जमेतले निम्मे पैसे सरळ उत्पन्न म्हणून दाखवता येतात. मग खर्चाच्या पावत्या सांभाळणं नको आणि चार हप्तेही नकोत, सगळा आगाऊ कर एकदाच १५ मार्चपर्यंत. या यादीत सिनेमातले कलाकारही आहेत, आणि सरकारने कलाकारांची व्याख्या मोठ्या मनाने केली आहे. त्यात नट आहे, संकलक आहे, गीतकार आहे, संवादलेखक आहे, नृत्यदिग्दर्शक आहे, वेशभूषाकार आहे. पुस्तकांत चित्रं काढणारा नाही. मी मॅडमना विचारलं, आमच्यासारख्यांनी काय करायचं? त्या म्हणाल्या, "एखाद्या पिक्चरचं कलादिग्दर्शन बघा ना."

तेव्हा मी पावत्या सांभाळतो. रंग, कागद, इंटरनेट, विजेच्या बिलातला वाटा. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. त्याच्यासमोर बसून झिजलेल्या मानेचा दर मी विचारून पाहिला, तो ठरलेला नाही.

सप्टेंबरचा हप्ता सगळ्यांत वाईट. गणपती होऊन गेलेले किंवा व्हायचे असतात, आणि आम्ही चित्रकार दिवाळी अंकांत गळ्यापर्यंत बुडालेले असतो. वर्षातलं सर्वांत जास्त काम या दिवसांत होतं आणि सर्वांत कमी पैसा या दिवसांत येतो. संपादकांचं म्हणणं असतं, "जाहिरातींचे पैसे आले की लगेच." जाहिरातवाले दिवाळीनंतर देतात, अंकवाले संक्रांतीच्या सुमारास फोन उचलतात. ४५ टक्के मात्र १५ सप्टेंबरला. २०२५ साली तर मुदत वाढवून मिळालेल्या विवरणपत्राची शेवटची तारीख आणि हा हप्ता एकाच दिवशी आले. एका हातात गेलेलं वर्ष, एका हातात चालू वर्ष. पुढे विवरणपत्राला आणखी एक दिवस वाढवून मिळाला, हप्त्याला नाही.

पुण्यात पुस्तकवाल्यांच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास माझी बरीच येणी आहेत. तिथे वसुलीला गेलं की चहा मिळतो. "चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय" हे वाक्य मी इतक्या दुकानांच्या पोटमाळ्यावर ऐकलं आहे, की ते कुठे एकत्र छापून आणलं असावं असं वाटतं. एका प्रकाशकांनी मानधनाऐवजी पुस्तकं घेऊन जा म्हणून सुचवलं. गंमत म्हणजे व्यवसायातून वस्तुरूपाने मिळालेला लाभसुद्धा उत्पन्नातच धरला जातो. त्यावरचा कर मात्र पुस्तकांत घेत नाहीत.

आणि टीडीएस. प्रकाशकाने वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त फी दिली की तो १० टक्के कापून सरकारकडे भरतो. तो आगाऊ करातून वजा होतो, इथपर्यंत छान. पण हा कर पैसे देताना किंवा ते खात्यात जमेला धरताना, यांतलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. मार्च आला, की प्रकाशकाचा हिशेबनीस माझं बिल वहीत जमेला धरतो, दहा टक्के कापून सरकारला पाठवतो आणि उरलेलं वहीतच ठेवतो. पुढे कधीतरी मी २६ एएस, म्हणजे कापलेल्या कराचा सरकारी उतारा उघडतो, तर तिथे माझं नाव, माझी फी आणि कापलेला कर, सगळं व्यवस्थित. माझ्या चित्रातला दहावा हिस्सा देशाच्या उभारणीला लागलेला असतो आणि नऊ हिस्से पोटमाळ्यावर सहीची वाट बघत असतात.

आता थोडा इतिहास. भारतात आयकर आला १८६० साली. सत्तावनच्या उठावाने तिजोरी रिकामी झाली, म्हणून ती भरायला जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ विलायतेहून आले. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढलं ते यांनीच. आयकर लागू झाला २४ जुलै १८६० रोजी आणि विल्सनसाहेब त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हगवणीने वारले. करदात्यांचा त्यात काही हात नव्हता. मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते ती दुसऱ्या कारणाने. तरुणपणी टोप्यांच्या धंद्यात कमावलेला पैसा त्यांनी निळीच्या सट्ट्यात घातला होता आणि दराचा अंदाज चुकल्यामुळे १८३७च्या मंदीत तो बहुतेक सगळा गमावला होता. आपल्याकडे आयकर आणणाऱ्या माणसाला स्वतःला पुढच्या वर्षाचं उत्पन्न सांगता आलं नव्हतं. मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग किती धरू?"

चलन भरतानाही एक गंमत असे. यंदा कमवायचं, यंदाच कर भरायचा, पण चलनावर वर्ष पुढचं निवडायचं, कारण १९६१च्या कायद्यात कमावण्याचं वर्ष वेगळं आणि आकारणीचं वेगळं. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५चा कायदा घेतो आणि त्यात 'कर वर्ष' असं एकच वर्ष आहे. ही सुधारणा खरोखर चांगली आहे, आणि मी सहसा असं म्हणत नाही.

एवढं रडगाणं गाऊनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घरासाठी कर्ज मागायला मी एका बँकेत गेलो होतो. तिथल्या साहेबांनी माझी गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे झालं मागचं. पण पुढे कामं मिळतील याची काय खात्री?" लग्न ठरताना सासऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता, जरा सभ्य शब्दांत. आई अजून अधूनमधून विचारते. या देशात एकच जागा अशी आहे, जिथे मला पुढे पैसे मिळणार याबद्दल कोणालाही शंका नाही, आणि ती म्हणजे आयकर खातं. ते वर्षातून चार वेळा मला विचारतं, यंदा किती कमावणार? मी जो आकडा सांगेन तो मान्य करतं. पुरावा मागत नाही, जामीनदार मागत नाही. माझ्या कलेवर इतका विश्वास दुसऱ्या कोणी दाखवलेला नाही. त्या विश्वासाला जागायचं म्हणून तरी ते अस्वल मला मिळायला हवं.

तोवर, ज्यांच्याकडे माझी बिलं आहेत त्या प्रकाशकांना आणि संपादकांना नम्र विनंती. मी उद्यम नोंदणी केली आहे, ती आधार कार्डावर फुकट होते. अशा सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आपल्यात करार कधीच नव्हता. मुदत उलटली, तर आयकर कायद्यातल्या २०२३-२४ पासूनच्या तरतुदीनुसार तो खर्च तुम्हाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही, आणि त्यावर तुम्हालाच कर बसतो. तेव्हा सही करून टाका. चहा मी पाजतो.