सीलबंद रेल्वे

बंगळुरूत सगळेच्या सगळे डबे एका वेळी हजर असलेली रेल्वे सध्या एकच आहे, आणि ती सर्जापूर रोडवर बाराव्या मजल्यावर आमच्या भाच्याच्या जेवणाच्या टेबलावर उभी आहे. 'तिकीट टू राइड' या खेळाची दहाव्या वाढदिवसाची शाही आवृत्ती. साधी आवृत्ती त्याच्याकडे होतीच. नियम तेच, शहरं तीच, गुणही तेच. मग फरक काय, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, फिनिश बघा ना!"

खेळ ॲलन मून यांचा. २००४ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा मानाचा किताब घेऊन बसला. रंगीत पत्ते जमवायचे, रंग जुळले की दोन शहरांमध्ये आपले डबे मांडायचे, हातातल्या तिकिटावरचा प्रवास पुरा करायचा. पुरा झाला नाही तर तेवढे गुण वजा. हा शेवटचा नियम ज्यांना लागू व्हायला हवा, ती मंडळी दुर्दैवाने हा खेळ खेळत नाहीत.

खोका उघडण्याचा विधी मी याचि डोळा पाहिला. पंखा बंद. हात धुऊन, पुसून, कोरडे. मोबाइल तिकाटण्यावर. सोलापूरहून बहीण व्हिडिओ कॉलवर. सेलोफेनला ब्लेड लागलं तेव्हा भाच्याने श्वास रोखला होता. आत पत्र्याच्या पाच डब्या, प्रत्येक डबीत एका रंगाचे ४५ डबे, एकूण २२५. "छान आहे रे, आता खेळा," बहीण म्हणाली. "आई, आधी स्लीव्ह!" गाडीचे ११० पत्ते, वर तिकिटांचे वेगळे, आणि प्रत्येकाला प्लास्टिकचा अंगरखा. त्यातच रात्र झाली.

खेळायला तासभर पुरतो म्हणे. पण भिडू राहतात येलहंक्याला आणि केंगेरीला. तासभर आगगाडी खेळण्यासाठी दोन तास रिंग रोडवर कोण कुजणार? तेव्हा खोका पुन्हा फडताळात. भाच्याची काही तक्रार नाही. त्याची हौस सेलोफेनबरोबरच फिटली होती.

मी उपदेशाला तोंड उघडणार होतो, पण मग वाटलं, पोराला का बोला? जशी प्रजा तसा राजा. इथल्या राज्यकर्त्यांनाही खोके उघडण्याचाच नाद आहे.

बय्यप्पनहळ्ळीचं टर्मिनस घ्या. सुमारे ३१४ कोटींचं, संपूर्ण वातानुकूलित, बांधून तयार. आणि वर्षाहून अधिक काळ कुलपात. अस्सल संग्राहक वस्तू हाताळत नाही, म्हणतात. अखेर जून २०२२ मध्ये तिथून गाडी सुटली, तीही समारंभाविना. नाव दिलंय सर विश्वेश्वरय्यांचं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारा माणूस! त्याच्या नावाच्या स्टेशनाचे दरवाजे मात्र आपोआप उघडले नाहीत.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची तऱ्हा उलटी. रूळ तयार, १६ स्थानकं तयार, पण डबे नव्हते. १० ऑगस्ट २०२५ रोजी तीन गाड्यांवर शुभारंभ झाला, दर २५ मिनिटांना एक. सहा डब्यांच्या तीन, म्हणजे १८ डबे. आमच्या भाच्याच्या एकेका डबीत याच्या अडीचपट माल आहे. मेट्रोवाल्यांनी शब्द टाकला असता तर त्याने पिवळे नक्की दिले असते. स्लीव्ह घालूनच परत करा, एवढीच अट.

आणि उपनगरी रेल्वे! कल्पना १९८३ ची. २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली आणि ४० वर्षं रखडलेलं काम ४० महिन्यांत करू म्हणाले. १४८ किलोमीटर, १५,७६७ कोटी, चार मार्ग. आणि चारही मार्गांना फुलांची नावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० महिने भरले. हार गुंफून तयार, वऱ्हाड रस्त्यावर ताटकळतंय आणि नवरदेवाची अजून मोजमापं चालली आहेत.

मून यांच्या खेळाची गोष्ट १९०० सालची आहे. सात दिवसांत उत्तर अमेरिकेतली जास्तीत जास्त शहरं रेल्वेने पालथी घालायची, अशी पैज. भारताचा नकाशाही आहे, २०११ मध्ये आलेला. त्यात तिकिटावरची दोन गावं दोन वेगळ्या वाटांनी जोडलीत तर जादा गुण मिळतात. बंगळुरूतलं हेब्बाळ आणि सिल्क बोर्ड एका वाटेने जोडून दाखवा, आम्ही अख्खा खोका देतो.

म्हणून भाच्याला सुचवलं, बंगळुरू आवृत्ती तूच काढ. पहिल्या फेरीत सगळ्यांनी नारळ फोडायचा. दुसरीत निविदा. तिसरीत निविदा रद्द. कोणाचे रंग जुळलेच, तर त्याने वन खातं, जमीनमालक आणि नवं सरकार असे तीन पत्ते ओढायचे आणि पहिल्या फेरीत परतायचं. जोकर म्हणून १४ इंजिनं असतात मूळ खेळात. इथे त्यांच्या जागी १४ पाहुणे, हिरव्या झेंड्यासकट.

भाचा वही घेऊन बसला. "मामा, डबे किती ठेवू?"

"डबे कशाला? कोनशिला ठेव."

"आणि डीलक्समध्ये?"

"ग्रॅनाइटची."