मी शे ना!

धरणगावात घर विकायचा विचार मनात आला, की तो घरात बोलून दाखवण्याआधी अप्पांना कळलेला असतो. कसा, ते विचारू नये. आम्ही दोघं भाऊ नाशिकला, वडिलोपार्जित धाब्याचं घर बंद. एका लग्नाला गावी गेलो होतो, म्हणून मी नुसतं दाराच्या कुलपाला तेल सोडलं. संध्याकाळी अप्पा ओट्यावर हजर. "कसाले काळजी करतस भाऊ? मी शे ना!" मी काळजी करत नव्हतो. ती त्यांनी येताना सोबतच आणली होती.

अप्पा हे एकट्याचं नाव नव्हे. तालुक्याच्या प्रत्येक गावाला असा एक अप्पा असतोच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत अर्ध्या गावाचे सातबारे, मालमत्ता पत्रकं, घरपट्टीच्या पावत्यांच्या झेरॉक्स. मोबाईलमध्ये माणसांची नावं नाहीतच. "पाच खण पूर्वमुखी", "कोपऱ्याचा प्लॉट भाऊ भांडतात", "म्हातारी हो म्हणते सून नाही" अशा नावांनी फोन वाजतात. धंदा विचारला तर "समाजसेवा" म्हणतात. टक्केवारी विचारली, की मात्र समाज मागे पडतो.

अप्पांचं खरं कसब त्यांच्या दोन जिभांत. आमच्या घरात शिरल्या शिरल्या ते मधल्या खांबापाशी थांबले, नखानं थोडं लाकूड खरवडलं, त्याची भुकटी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली आणि "वाळवी" एवढंच म्हणाले. मग वर बघून धाब्याची माती, खाली बघून फरशी, भिंतीकडे बघून ओल. प्रत्येक गोष्टीला एक सुस्कारा. शेवटी घर मी फुकट देऊन वर त्यांनाच काही द्यावं, अशी माझी अवस्था झाली. चार दिवसांनी तेच अप्पा गिऱ्हाईक घेऊन आले. त्याच खांबावर त्यांनी बुक्की मारली. "वाजतोय का? नाही वाजत. अस्सल सागवान! आन धाब्याचं घर म्हणजे मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, पंखा नको." मी हळूच खांबाकडे पाहिलं. खरवडलेल्या जागी अप्पांनी पाठ टेकली होती.

बाहेरचं गिऱ्हाईक असेल तर इतिहासही भावात धरतात. बालकवी ठोमरे 1890 साली धरणगावात जन्मले, ही गोष्ट खरी. पण अप्पांच्या तोंडून ते विकाऊ घराच्या मागच्या गल्लीत जन्मतात, आणि घर बदललं की गल्ली बदलते. सतराव्या शतकात इथं इंग्रजांची वखार होती, हेही खरं. त्यावर अप्पांचं भाष्य असं, की सुरतेला इंग्रजांनी दलाल ठेवले होते, तेव्हा "कंपनी सरकारलाही दलालावाचून भागलं नाही, तुम्ही तर नाशिकची माणसं."

दर ठरलेला. दोन टक्के विकणाऱ्याकडून, दोन घेणाऱ्याकडून. घर विकणं म्हणजे पोर उजवणं, दोन्हीकडची मंडळी मान देणारच, असा त्यांचा हिशेब. माझा भाऊ भडकला तो इथंच. कारण बरीच गिऱ्हाइकं फिरवून झाल्यावर अप्पांनी आणलेलं शेवटचं स्थळ म्हणजे आमचा भिंतीला भिंत शेजारी! भाऊ म्हणाला, "याला शोधायचे चव्वेचाळीस हजार? तीस वर्षं हा इथंच बसलाय."

अप्पा शांतपणे म्हणाले, "मंग तीस वरीसमा का बरं नही इकं?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या धाब्याच्या पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडायचं, त्यावरून वडिलांच्या हयातीतच बोलणं बंद झालेलं. शेजाऱ्याचं नाव निघालं तेव्हा भाऊ रागानं म्हणाला होता, "त्या माणसाला फुकटसुद्धा देणार नाही." अप्पांनी भिंतीपलीकडे पोचवलं ते असं: "भाऊ म्हणतात, पैशाचं राहू द्या, द्यायचं तर शेजाऱ्यालाच." तिकडून आलेली शिवी इकडे येईपर्यंत "बावीस लाखांपर्यंत चढतील" अशी झाली. दलाली गिऱ्हाईक शोधण्याची असते, असं लोकांना उगाच वाटतं. अहो, गिऱ्हाईक सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याशी बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न असतो.

आणि सह्या. वारसांत आमच्या आत्याही होत्या, उधन्याला, सुरतेत. खानदेशातलं निम्मं गणगोत पोटापाण्यासाठी तिथंच गेलेलं. मुलीचा वाटा आता कायद्यानं पक्का, त्यामुळे आत्याच्या सहीशिवाय व्यवहार नाही; आणि आत्या कुठल्याशा लग्नात मान द्यायचा राहिला म्हणून रुसलेल्या. अप्पा सुरतेच्या गाडीत बसले, सोबत भरताची वांगी नेली, दोन दिवस राहिले, आणि आत्यांनाच घेऊन आले. रुसवा कसा काढला, ते त्यांनी सांगितलं नाही. साडीचं बिल तेवढं आम्हाला दिलं.

न्यू जर्सीच्या मेहुण्यानं फोनवर सांगितलं, की त्यांच्याकडे घर विकणाराच दोन्ही बाजूंच्या एजंटांची दलाली भरत आला, पाच-सहा टक्क्यांपर्यंत. त्यावरून खटले झाले, 2024 साली एजंटांच्या संघटनेनं 41 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड केली आणि नियम बदलले. हे ऐकून अप्पांचा चहा बशीतच राहिला. "सहा टक्का! आन तरी लोके कोर्टमा गयात?" थोड्या वेळानं म्हणाले, "पन तठे आत्यानी सही आनाले सुरत जानं पडस का?"

आपल्याकडेही 2016 चा रेरा कायदा आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटाला नोंदणी लागते, आणि महारेरानं 2023 पासून परीक्षाही लावली. अप्पांचा मुक्काम जुन्या घरांतच, त्यामुळे ते बिनघोर. तरी परीक्षेचं नाव काढलं, की दुखावतात. "पास होणारे असतो, तर दलाल कशाला झालो असतो?"

खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अप्पांचा थाट बघावा. सरकारनं आमच्या बावीस लाखांवर नोंदणी फी म्हणून एक टक्का घेतला, मुद्रांक शुल्क वेगळं. शेजाऱ्यानं ते हूं की चूं न करता भरलं. अप्पांच्या टक्क्यांवर मात्र तो सकाळपासून कुरकुरत होता. दस्ताच्या शेवटच्या पानावर ओळख पटवणाऱ्यांचे फोटो आणि अंगठे असतात. त्यात अप्पा होतेच. आम्हा दोघा भावांना आपण "व्यक्तीशः ओळखतो" असं त्यांनी निवेदन केलं, आणि अंगठा देता देता मला हळूच विचारलं, "तुम्ही थोरले ना?"

पैसे चुकते करताना भाऊ चाळीसवर अडला. अप्पा भांडले नाहीत. आत्यांकडे बघून नुसते हसले. भावानं चव्वेचाळीस मोजले. पण मला पावती हवी होती, कारण घर विकताना दिलेली दलाली आयकरात नफ्यातून वजा होते. "पावती?" अप्पांचा चेहरा पडला. "विश्वास नाही का?" बऱ्याच आर्जवांनंतर त्यांनी पिशवीतला कुणाचा तरी सातबारा काढला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिलं: "रुपये अक्षरी चव्वेचाळीस हजार मात्र, घरच्या माणसाला खुशीने दिले." आमचे सीए तो कागद उलटसुलट करत राहिले. खुशीचं कलम त्यांना सापडेना, आणि सातबाऱ्याचा मालक अप्पांकडे झेरॉक्स मागतोय.