देवमण पाहिला, हौदा पाहिला का?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातलं गिऱ्हाईक बघण्यासारखं असतं. घोड्याचे ओठ वर करून दात बघतं, पाय उचलून खूर बघतं. कानांची टोकं एकमेकांना टेकतात का, गळ्यावर देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, आहे का, चारी पाय आणि तोंड पांढरं आहे का, सगळं बघतं. एखादी गोम भलत्या जागी निघाली, की लाखांचा सौदा जागेवर मोडतो. मग रेवाल चाल बघायची. मग गावाकडच्या जाणत्याला व्हिडिओ पाठवायचा. मग जाणत्याच्या जाणत्याला.

आणि हा घोडा न्यायला गाडी कोणती घेतली?

"पिकअप आहे एक. सेकंडहँड. रंग नवा मारलाय."

संपली तपासणी.

हे एकट्या सारंगखेड्याचं दुखणं नाही. अकलूजच्या बाजारात हेच, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हेच. परदेशी थाटाचा, जीपमागे जोडायचा घोड्याचा ट्रेलर आपल्याकडे एखाद्या स्टड फार्मवर किंवा रायडिंग क्लबात दिसतो. बाकी सगळी घोडदौड पिकअप आणि टेम्पोवर. बाजू उंच करायच्या, ताडपत्री टाकायची, मागे पळत्या घोड्याचं स्टिकर लावायचं. झाली घोड्याची गाडी!

स्टिकर मात्र नेहमी उत्तम स्थितीत असतं.

आता विकणाऱ्याकडे वळू. त्याची वाक्यं ठरलेली असतात. "एकहाती गाडी आहे." "पेपर क्लिअर." "घरचीच समजा." घरची असती तर त्याने विकली असती का? आणि जी गाडी "फक्त द्राक्षं वाहायला" होती, तिच्या हौद्याला तबेल्याचा वास कसा येतो?

रंगाचं तर विचारूच नका. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात माणसाला अचानक सौंदर्यदृष्टी का प्राप्त होते?

कारण रंगाखाली गंज असतो. आणि घोड्याच्या गाडीत गंजाला कारण रोज नव्याने मिळतं. घोडा प्रवासात मुततो. त्या मुतातला अमोनिया आणि क्षार पत्रा खातात, लाकडी फळ्या कुजवतात. वर रबराची मॅट अंथरलेली असते. मॅट घोड्याचे पाय घसरू नयेत म्हणून असते, हे खरं. पण तिच्याखाली ओल साचून राहते आणि खरेदीच्या दिवशी तीच मॅट विकणाऱ्याची अब्रू झाकते. मॅट उचला म्हटलं, की "आत्ताच धुतलीय हो, चिकटलीय" असं उत्तर येतं.

चिकटलेली मॅट उचलल्याशिवाय खिशातला पैसा उचलू नये.

उचलल्यावरही समाधान मानू नका. खाली वाका. होय, पांढरा सदरा घालून गाडीखाली वाका. हातात एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हौद्याच्या तळाला, आडव्या पट्ट्यांना, चेसीला जिथे हौदा जोडलाय तिथे दाबून बघा. पत्रा वाजला तर बरं. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर नमस्कार करून घरी जा. चारशे किलोंचा घोडा चार खुरांवर उभा असतो. ब्रेक लागला की त्यातलं बरंचसं वजन पुढच्या दोन पायांवर येतं. पत्रा कुजलाय की नाही याचा निकाल तेव्हा लागतो, आणि तो घोड्याच्या पायाला कळतो.

पाटे बघा. एखादं पान तुटलेलं, एखादं बाहेर सरकलेलं. कांद्याची गोणी पाट्याबद्दल तक्रार करत नाही, घोडा करतो. गाडी डोलली की तोही डोलतो, तो डोलला की गाडी आणखी डोलते. घाटात हा खेळ कोण बघणार?

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. "नक्षी बघा की, नवीनच आहे" म्हणणाऱ्याला हे आकडे वाचून दाखवा. यात्रेपुरती निघणारी गाडी वर्षभर उभी असते. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

मग फाळका. तो खाली पाडला की त्यावरून घोडा चढेल, अशी कल्पना. प्रत्यक्षात गाडी बांधाला नाहीतर उकिरड्याच्या उंचवट्याला लावायची, चौघांनी मागून ढकलायचं, एकाने पुढून लगाम ओढायचा. गावाकडच्या उंचवट्यावर चढवलेला घोडा शहरातल्या मंगल कार्यालयासमोर उतरवायचा कुठे? तिथे बांध कोण घालून देणार, वधूपिता? चढउताराची वेगळी फळी आहे का, ती मजबूत आहे का, तिच्यावर खूर घसरतो का, हे गाडी घेतानाच बघायचं असतं.

बघत कोणी नाही.

कायद्याने मात्र सगळं बघून ठेवलंय. २०१६ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमानुसार एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा आणि कायमचा कप्पा हवा. हौद्याची लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा, सव्वादोनने भागा. उत्तर एक पूर्णांक नऊ आलं तर एकच घोडा. पॉइंट नऊ घोडा अजून बाजारात आलेला नाही. शिवाय जनावरांच्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही, असंही तो नियम सांगतो. म्हणजे जाताना घोडा, येताना कांदे हा आपला लाडका हिशेब तिथेच बुडाला.

त्याआधीचे, जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम तर अगदी घरच्या म्हाताऱ्यासारखे बारकाईने बोलतात. दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा. तळ न घसरणारा हवा. वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर नको.

पस्तीस! आपल्याकडे पस्तीसने पिकअप फक्त विकताना चालते. चाचणीच्या फेरीत.

कागदांबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे सगळेच शहाणे असतात, फसेपर्यंत. पुस्तकावरचा चेसी नंबर चेसीवरच्या नंबरशी जुळवा. फायनान्सचा बोजा उतरलाय का बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल फिटनेस लागतं, ते कधी संपतंय बघा. आणि हौदा नंतर वाढवलाय, ते पुस्तकात चढलंय का? "आरटीओत आपला माणूस आहे" हे उत्तर असेल, तर तो माणूस गाडीबरोबर मिळणार का, तेही विचारून घ्या.

विलायतेत सगळं शिस्तीत असेल, असं वाटणाऱ्यांसाठी एक बातमी. ब्रिटनमध्ये मोटारीला दरवर्षी तपासणी लागते, पण साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरला ती सक्तीची नाही. घोड्याचे बहुतेक ट्रेलर त्यातच बसतात. म्हणजे तिथलंही गिऱ्हाईक मॅट उचलून, खाली वाकूनच बघतं. किंवा बघत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. घोडा कितीचा घेतला, हे गाडीवाल्याला सांगू नका. पण आपल्याला राहवतं कुठे? पोटात किंमत ठेवून घोडेवाला एक तासही काढू शकत नाही. आकडा ऐकला, की तोवर दीड लाखाची असलेली पिकअप तिथल्या तिथे वयात येते. "एवढ्या मोलाच्या घोड्याला ही गाडी शोभतेय बघा!"

शेवटची चाचणी फुकटची आहे. फेरी मारायला निघताना विकणाऱ्याला केबिनमध्ये शेजारी बसवू नका. हौद्यात उभं करा. घोड्याला धरायला हात नसतात, तेव्हा यालाही हात मागे बांधायला सांगा. बाजाराच्या मैदानातच हळूहळू एक वळसा घ्या.

नको म्हणाला तर आणखी वीस हजार पाडून मागा.