तेल डोक्याचे की पोटाचे?

खोबरेल पोटात जाते की डोक्यावर, या प्रश्नाकडे आपल्या आज्यांनी अक्षम्य दुर्लक्ष केले. एकाच बाटलीतून त्या फोडणीही देत आणि नातीची वेणीही घालत. अबकारी खात्याने मात्र हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, याबद्दल राष्ट्राने ऋणी राहावे.

खात्याचा सिद्धान्त लखलखीत होता : डबा मोठा तर तेल खाण्याचे, बाटली छोटी तर केसांचे. आतला द्रव तोच. पण माप बदलताच गुणधर्म बदलतो, हे रसायनशास्त्राला सुचले नव्हते. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते दोन बाजूंना गेली. प्रकरण तिघांपुढे आले आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला, की केवळ बाटली छोटी म्हणून तेल केसांचे ठरत नाही.

तेव्हा जीएसटीत खाद्यतेलाला ५ टक्के होते, केशतेलाला १८. आमच्या मते खात्याने इथे कच खाऊ नये. प्रत्येक स्वयंपाकघरात एक निरीक्षक नेमावा, सोलकढीपाशी थांबलेल्या थेंबांचा पंचनामा करावा. टक्कल पडलेल्यांना वैद्यकीय दाखल्यावर परतावा द्यावा; केस पुन्हा उगवल्यास व्याजासह वसुली. भांगात सांडलेली फोडणी हा करचुकवेगिरीचा प्रकार समजावा.

या सूचनांचा मसुदा पाठवणार, तोच एक गैरसोय झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा जीएसटीही ५ टक्के झाला.